कापूसच्या आजारपणातून शिकलेलं: सशाला सुकं गवत का, कुठलं आणि किती

मनवा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच. आमच्याकडे ठाण्यात फ्लॅटमध्ये एक पांढरा ससा आहे, कापूस नाव त्याचं, आता अडीच वर्षांचा आहे. मार्चमध्ये तो जवळजवळ गेलाच होता आणि कारण काय तर आम्ही त्याला जे प्रेमाने खायला घालत होतो तेच.

पहिली दोन वर्षं त्याचं खाणं असं होतं, सकाळी वाटीभर पेलेट्स (सशाच्या तयार खाण्याच्या गोळ्या, त्या रंगीत बिया मिसळलेल्या मिळतात त्या), दुपारी अर्धं गाजर, संध्याकाळी पोळीचा तुकडा कारण आई पोळ्या करायला लागली की तो ओट्याखाली येऊन दोन पायांवर उभा राहायचा, आणि अधूनमधून केळं. गवत म्हणून आणलं होतं एकदा, त्याने हुंगलं आणि त्यावर शू केली, मग आम्ही ठरवून टाकलं की ह्याला गवत आवडत नाही. इथेच चुकलं.

एका रविवारी सकाळी तो त्याच्या खोक्यात पाठ काढून, डोळे अर्धे मिटून बसलेला. गाजर पुढे केलं तर तोंड फिरवलं. आम्हाला वाटलं उन्हाळा आहे, दुपारनंतर खाईल. संध्याकाळी लक्षात आलं की ट्रेमध्ये सकाळपासून एकही लेंडी नाही, आणि जवळ गेलं की दात कराकरा घासल्याचा आवाज येतोय. रविवार असल्यामुळे व्हेट मिळेना, जे पहिले मिळाले त्यांना सशांचा अनुभव नव्हता, त्यांनी सांगितलं रात्रभर बघू. सुदैवाने नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकीच्या घरी ससे आहेत, तिने फोनवर ओरडूनच सांगितलं की रात्रभर बघू नका, बारा तास ससा खात नसेल तर ती इमर्जन्सी आहे. रात्री दहाला दुसऱ्या व्हेटकडे पोचलो. एक्सरेमध्ये पोट गॅसने भरलेलं, आतडी जवळजवळ थांबलेली. ह्याला जीआय स्टेसिस म्हणतात. कातडीखाली सलाइन, दुखणं कमी करणारं इंजेक्शन, आतडी हलायचं औषध, आणि मग पुढचे चार दिवस दर तीन-चार तासांनी सिरिंजने पातळ खाणं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्याने तीन लेंड्या टाकल्या, वाटाण्यापेक्षाही बारीक, वाकड्यातिकड्या. मी त्या हातात घेऊन रडले, खरंच सांगते.

बरा झाल्यावर व्हेटनी तोंड तपासलं तर मागच्या दाढांना आतल्या बाजूने टोकं आलेली, जिभेला लागत होती. भूल देऊन ती घासून घ्यावी लागली. आणि मग त्यांनी अर्धा तास बसवून समजावलं, ते इथे माझ्या शब्दात लिहिते, कारण मला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर कापूसला हे भोगावं लागलं नसतं.

सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. एकूण अठ्ठावीस दात, त्यातले बावीस दाढा, त्या आपल्याला दिसतच नाहीत. ह्या दाढा झिजतात त्या मुख्यतः गवत चावताना, कारण गवताची काडी चावताना जबडा आडवा फिरतो, जात्यासारखा. पेलेट किंवा गाजर तो वरून खाली कचाकच फोडतो आणि गिळतो, दोन मिनिटांत वाटी रिकामी. म्हणजे दाढांना काम नाही. गवत खायला त्याला दिवसाचे कित्येक तास लागतात, आणि हे तासन् तास चावत राहणं हेच त्याचं औषध आहे.

दुसरं पोट. सशाला उलटी करताच येत नाही, जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं. आणि ते सरकतं ते जाडसर तंतूंमुळे. गवताचा जाड चोथा मोठ्या आतड्यातून पटापट पुढे जातो, त्याच्या त्या सुक्या गोल लेंड्या होतात. बारीक भाग मात्र मागे फिरून सीकम म्हणजे आंधळ्या आतड्यात जातो, तिथे जिवाणू तो आंबवतात आणि त्याच्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या होतात, त्या ससा थेट तोंडाने खाऊन टाकतो. ते घाण नाही, त्याचं बरंच पोषण त्यात असतं. आता ह्या यंत्रात पोळी, बिस्किट, केळं असं पिठूळ आणि गोड टाकलं की सीकममधले भलतेच जिवाणू वाढतात, गॅस होतो, दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडी आणखी थंडावतात. गोल गोल फिरत राहतं ते.

म्हणून मोठ्या सशाच्या रोजच्या खाण्यात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के गवत हवं. मोजून द्यायचं नाही, चोवीस तास समोर. त्याच्या अंगाएवढा ढीग रोज. बाकी मूठ-दोन मूठ पालेभाजी, आणि पेलेट्स दोन किलोच्या सशाला दोन-तीन टेबलस्पून, बास. गाजर म्हणजे त्याच्यासाठी पेढा आहे, नखाएवढा तुकडा.

ज्यांच्याकडे ससे आहेत त्यांनी लिहा प्लीज, विशेषतः गवत कुठून आणता, पावसाळ्यात कसं ठेवता. मी सध्या ऑनलाइन टिमोथी नावाचं सुकं गवत मागवते, किलोला सातशेच्या आसपास पडतं आणि ते दरमहा झेपायला जड आहे.

चिऊताई
मनवा, वाचून पोटात गोळा आला गं. आमच्याकडे दिवाळीत मुलाच्या वाढदिवसाला मामाने ससा आणून दिला, आता चौदा महिन्यांचा आहे, नाव लाडू. तुझ्या दुसऱ्या परिच्छेदातलं सगळं आम्ही करतो, पोळीसकट. दुकानदाराने सांगितलं होतं की पेलेट्समध्ये सगळं असतं, वेगळं काही लागत नाही. गवत दिलं तर खातच नाही, काय करू? उपाशी ठेवलं दोन दिवस तर खाईल का?

मनवा
अगं नाही नाही, उपाशी अजिबात ठेवू नकोस!! कुत्र्या-मांजरासारखं नाहीये ते. सशाचं पोट रिकामं राहिलं की तेच स्टेसिसचं निमंत्रण. आमचे व्हेट सांगत होते की ऑपरेशनच्या आधीसुद्धा सशाला उपाशी ठेवत नाहीत, उलटी होतच नाही तर भीती कसली, उलट शेवटपर्यंत खाऊ देतात.

हळूहळू कर. आधी पोळी, बिस्किट, फळं बंद, ती आजपासून बंद केलीस तरी चालेल. पेलेट्स मात्र आठवड्याला थोड्या थोड्या कमी कर, तीन-चार आठवड्यांत ये दोन चमच्यांवर. आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर दोन दिवसांनी वजन कर, वहीत लिही. वजन घसरायला लागलं तर थांब आणि व्हेटला विचार. लेंड्यांवर लक्ष ठेव, रोज दोनशे-तीनशे पडायला हव्यात, मोठ्या, गोल, फिकट तपकिरी आणि दाबल्यावर भुसा व्हावा अशा. काळपट, लहान, चिकट झाल्या की खाणं बिघडलंय समज.

गवत खायला लावायच्या युक्त्या ज्या आम्हाला उपयोगी पडल्या: ससे खाता खाताच शी करतात, म्हणून गवत ट्रेच्या एका टोकाला ढीग करून ठेवायचं, तिथेच तो बसतो. पिंजऱ्याला उंच टांगलेल्या छोट्या रॅकमधून कापूस कधीच खायचा नाही, खाली ठेवल्यावर खायला लागला. टिश्यू रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबून दे, ओढून काढायला मजा येते त्याला. त्यात चिमूटभर वाळलेला पुदिना किंवा तुळशीची पानं चुरडून टाक. आणि रोज दोनदा ताजं घाल, सकाळचं हुंगून सोडलेलं तो संध्याकाळी खात नाही, पण तेच झटकून पुन्हा घातलं की खातो.

अवंती_लीड्स
आमच्याकडे इकडे इंग्लंडमध्ये दोन आहेत. इथे गवताची चैन आहे, शेतावरून 'मेडो हे'ची (कुरणातल्या सुक्या गवताची) अख्खी गासडी आणतो, ती दोन महिने पुरते. इथल्या बायका मला पहिल्यांदा म्हणाल्या की गवत हे खाणं आहे, बिछाना आहे आणि खेळणं आहे, तिन्ही. मला ते तेव्हा कळलं नव्हतं.

टिमोथीबद्दल एक गंमत सांगते, अठराव्या शतकात अमेरिकेत टिमोथी हॅन्सन नावाच्या शेतकऱ्याने ह्या गवताचा प्रसार केला म्हणून हे नाव पडलं. म्हणजे टिमोथी हे काही जादूचं गवत नाही, थंड हवेत चांगलं येणारं एक चाऱ्याचं गवत आहे, तिकडे भरपूर पिकतं म्हणून सशांच्या पाकिटात तेच असतं. इथे ऑर्चर्ड गवत, ओट, मेडो सगळं चालतं. अलग अलग दिलं तर उलट बरं, चघळायला वेगळं लागतं. फक्त अल्फाअल्फा (एक शेंगवर्गीय चारा) मोठ्या सशाला रोज नको.

टिमोथीतही पहिली कापणी, दुसरी, तिसरी असं लिहिलेलं असतं पाकिटावर. पहिली जाड काड्यांची, दातांना चांगली. तिसरी मऊ पानांची, नखरेबाज सशांना आवडते. चिऊताईंनी सुरुवात मऊवरून करावी असं मला वाटतं.

माळरान
ससा पाळत नाही, पण म्हशी आणि शेरडं आहेत, माण तालुका, जिल्हा सातारा. धागा वाचून राहवलं नाही. सातशे रुपये किलो गवत??? ताई आमच्या माळावर जे उभं आहे ते बघा एकदा येऊन.

मला विचाराल तर तुम्हाला मारवेल पाहिजे. आमच्याकडं बांधावर, ओढ्याच्या कडेला येतं, पातळ काडी, भरपूर पान, जनावर सगळ्यात आधी तेच ओढतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं त्याच्या सुधारित जाती पण काढल्यात, ठोंबं लावली की वर्षानुवर्षं कापत राहायचं. दुसरी हरळी, म्हणजे तुमच्या गणपतीच्या दूर्वा. परदेशात बर्म्युडा गवत म्हणून विकतात ते हेच. तिसरं ओट. रब्बीत आमच्या भागातले दूधवाले ओट पेरतात चाऱ्याला, फुलोऱ्यात कापून वाळवला तर हिरवागार राहतो आणि वास असा येतो की माणसाला खावासा वाटेल.

आता काय देऊ नका ते पण ऐका. कडबा सशाला कामाचा नाही, बांबूसारखा कडक आणि सत्त्व कमी. बाजरीचं सरमाड तसंच. कोवळी ज्वारी तर चुकूनही नको, पावसाचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, आमच्याकडं किराळ लागली म्हणतात, म्हैस तासाभरात आडवी होते तिथं तुमचा ससा केवढा. आणि कुसळी. डोंगरउतारावर जे तांबूस गवत डुलताना दिसतं आणि फिरून आलं की पँटला टोचत राहतं ते. त्याच्या टोकाला भाल्यासारखं कुसळ असतं, ओलं झालं की स्वतःभोवती फिरत आत घुसतं. शेरडाच्या ओठात, डोळ्यात गेलेलं मी हातानं काढलंय. सशाच्या बारक्या तोंडात काय करेल. बाजारात जे डोंगरी गवत म्हणून मिळतं त्यात हे हमखास असतं, हातानं निवडल्याशिवाय घालू नका.

मनवा
दादा, हे सोन्यासारखं लिहिलंत. एक विचारते, मग इथे वखारीत तबेल्यासाठी जे गवत येतं ते पिवळं आणि नुसत्या काड्या असं का असतं? मी एकदा आणलं होतं, कापूसने ढुंकून पाहिलं नाही.

माळरान
त्याचं कारण पाऊस. गवत पौष्टिक असतं ते फुलोऱ्यात, म्हणजे गौरी-गणपतीच्या आसपास. पण तेव्हा कापलं तर वाळवायचं कुठं, वर पाऊस चालू. म्हणून सगळे दसरा-दिवाळीपर्यंत थांबतात, तोवर गवत जून होतं, बी झडतं, पान वाळून जातं आणि राहते ती काडी. त्यात गंजी लावून ठेवलेलं, वर ऊन खाल्लेलं. पिवळं म्हणजे खराबच असं नाही, जनावराचं पोट भरतं, पण तुमचा ससा शहाणा आहे, त्याला पान पाहिजे. आमच्याकडं पाऊस कमी म्हणून आम्हाला सप्टेंबरमध्ये चार-पाच दिवसांची उघडीप मिळते, त्यात थोडं कापून शेडखाली वाळवतो, वासरांसाठी. ते हिरवं राहतं.

सुहासकाका
आम्ही सिंधुदुर्गातले. नातीने हट्ट करून दोन ससे आणलेत. आमच्याकडे भाताचा पेंढा ढीगभर आहे, तोच घालतो आहे गेले दोन महिने, खातात थोडा थोडा. हा धागा वाचून शंका आली, पेंढा म्हणजे सुकं गवतच ना?

पशुमित्र
नमस्कार, मी पशुवैद्य आहे, कोल्हापुरात प्रॅक्टिस करतो, शहरातले ससे हल्ली वाढल्यामुळे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. मनवा यांनी लिहिलेलं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

काका, पेंढा आणि सुकं गवत यात फरक आहे. पेंढा म्हणजे दाणा काढून घेतल्यावर राहिलेलं ताट, झाडाने आपलं सगळं दाण्यात घालून टाकलेलं असतं. शिवाय भाताच्या पेंढ्यात सिलिका खूप. खाली अंथरायला उत्तम, पाय सुरक्षित राहतात, थोडा चघळला तर घाबरू नका. पण मुख्य खाणं म्हणून तो पुरणार नाही, ससे हळूहळू खंगतील. तुमच्याकडे अंगणात हिरवं गवत असेल तर तेच कापून घाला. ताजं गवत आणि सुकं गवत यात तंतू तेच, फक्त पाणी जास्त, सशाचं मूळ खाणं ते ताजंच आहे. एकदम टोपलीभर नको, रोज थोडं वाढवत न्या. फवारणी नसलेलं, कुत्रे न फिरणारं, रस्त्याकडेचं नको. आणि मशीनने कापलेल्या लॉनचा चुरा कधीच नको, तो तासाभरात गरम होऊन आंबायला लागतो आणि पोट फुगतं.

दाढांबद्दल. लाळ गळून हनुवटी ओली राहणं, एका डोळ्यातून सतत पाणी, गाजरासारखं कडक सोडून मऊच खाणं, खाताना घास तोंडातून पडणं, ही दाढा वाढल्याची लक्षणं. डोळ्याचं पाणी बघून लोक डोळ्याचे थेंब घालत बसतात, पण वरच्या दातांची मुळं अश्रूनलिकेला दाबतात म्हणून ते पाणी येतं. आणि कृपा करून घरी किंवा दुकानात नेलकटरने पुढचे दात तोडू नका. दात उभा चिरतो, मुळापर्यंत पू होतो. ते भूल देऊन बारीक मशीनने घासायचं काम आहे.

आणखी एक, विषयाला सोडून आहे पण जीव वाचेल म्हणून लिहितो. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) सशाला तोंडाने पाजू नका. त्या गटातली औषधं पोटात गेली की सीकममधले चांगले जिवाणू मरतात आणि ससा दगावतो. तसंच कुत्र्याच्या पिसवांचं फिप्रोनिलचं औषध सशाला लावायचं नसतं. अशा दोन्ही केसेस मी पाहिल्यात, दोन्हीत घरच्यांनी काळजीपोटीच केलं होतं.

निलेश_नागपूर
डॉक्टर, माझा प्रश्न लसूणघासाबद्दल. इथे शेळीवाल्यांकडे रोज ताजी जुडी मिळते, स्वस्त आहे, आमची राणी ती बघताच उड्या मारते. तीन वर्षांची आहे. गेले काही महिने तिची शू पांढरट, घट्ट, चुना कालवल्यासारखी होते आणि करताना पाठ वर काढते. काही संबंध असेल का?

पशुमित्र
संबंध आहे आणि तुम्ही ह्या आठवड्यातच दाखवून घ्या, पोटाचा एक्सरे काढा. लसूणघास म्हणजेच लुसर्न, अवंतीताई म्हणतात ते अल्फाअल्फा. ते गवत नाहीच, मेथीच्या जातकुळीतलं शेंगवर्गीय पीक आहे. गवताच्या मानाने प्रोटीन साधारण दुप्पट, कॅल्शियम तिपटीच्या आसपास. सहा-सात महिन्यांपर्यंतच्या वाढत्या पिल्लाला, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला ते चांगलं. पण मोठ्या सशाचं वेगळं असतं. आपलं शरीर गरजेपुरतं कॅल्शियम शोषतं, सशाचं शरीर मात्र खाण्यात जेवढं येईल ते बहुतेक सगळं रक्तात घेतं आणि जादाचं लघवीतून टाकतं. म्हणून सशाची लघवी थोडी गढूळ असणं नॉर्मल आहे, पण चुन्यासारखी घट्ट, कुंथून होणारी नॉर्मल नाही, मूत्राशयात गाळ साचतो, पुढे खडा होतो. बरसीम हा दुसरा शेंगवर्गीय चारा, त्याचंही तसंच, रोजचं मुख्य खाणं नको.

लघवी कधी नारिंगी-तांबडी झाली तर मात्र लगेच घाबरू नका, काही पाल्यांमुळे रंग येतो. रक्त आहे की रंग ते तपासून कळतं.

निलेश_नागपूर
उद्याच नेतो. तुम्ही लिहिलंत म्हणून, नाहीतर मी हे उन्हाचं समजून पाणी वाढवत बसलो होतो.

पशुमित्र
पाणी वाढवणं चूक नाही, उलट हवंच. बाटलीच्या नळीपेक्षा जड वाडग्यातून ससे जास्त पाणी पितात. नागपूरच्या उन्हात ओल्या टाइलवर बसवा, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. सशाला घाम येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि उन्हाने मलूल झालेला ससा पहिलं काय सोडतो तर गवत.

चिऊताई
डॉक्टर, मग गाजर गवत चालेल का? आमच्या सोसायटीमागे मोकळ्या प्लॉटवर भरपूर आहे, मुलगा म्हणाला आई गाजराचं गवत आहे ते, सशाला आवडेल.

माळरान
ताई नको!! हात पण लावू नका त्याला. गाजर गवत हे नुसतं पानं गाजरासारखी दिसतात म्हणून नाव, गाजराशी काही संबंध नाही. काँग्रेस गवत म्हणतात तेच. पुण्यात १९५५-५६ च्या सुमाराला पहिल्यांदा दिसलं आणि आता एक बांध मोकळा नाही. जनावरानं खाल्लं तर विषबाधा होते, दुधाला कडू वास येतो, आणि उपटताना माणसाच्या हाताला पुरळ उठतं, दमा वाढतो. विकतचं गवत आणलं तरी त्यात ह्याची पांढऱ्या बारीक फुलांची काडी आहे का बघा. घाणेरी म्हणजे टणटणी पण तशीच, विषारी.

मनवा
बरं झालं चिऊ विचारलंस. भाजीवाल्याकडचा गाजराचा पाला मात्र चालतो, छान धुऊन दे. तो बहुतेक फेकूनच देतात, मागितला तर फुकट मिळतो. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पानं, कोथिंबीर, पुदिना पण. पालक रोज नको. कांदा, लसूण, बटाटा बिलकुल नाही.

आणि गणपतीतल्या दूर्वांबद्दल, मी गेल्या वर्षी मुद्दाम बाजारातून जास्तीच्या जुड्या आणल्या होत्या, पूजेत न वापरलेल्या, कारण निर्माल्यातल्या दूर्वांना हळद-कुंकू, अत्तर लागलेलं असतं ते सशाला नको. निवडून, धुऊन, पंख्याखाली चादरीवर चार दिवस पसरून ठेवल्या. आत्ता दादांनी सांगितलं तेव्हा कळलं की त्या म्हणजे बर्म्युडाचं सुकं गवतच की. कापूसने आठ दिवसांत फस्त केल्या.

सुहासकाका
वाळवायचं नीट सांग मुली. आमच्याकडे जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही. मागे ठेवलेल्या पेंढ्याला बुरशी धरली, नातीला शिंका.

मनवा
काका, तुमच्या नातीच्या शिंकांवरून आठवलं, बुरशी आलेलं किंवा कुबट वास येणारं गवत सशांना अजिबात घालू नका, झटकून, उन्हात टाकून ते चांगलं होत नाही, फेकायचंच. ससा फक्त नाकाने श्वास घेतो, धूळ आणि बुरशी त्याच्या फुफ्फुसाला सोसत नाही.

माझी पद्धत सांगते. पावसाळ्यात साठा कमी, तीन आठवड्यांपुरताच. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवत नाही, आत घाम धरतो. पुठ्ठ्याचं कार्टन किंवा जुन्या सुती साडीची पिशवी, फरशीवर न ठेवता स्टुलावर, भिंतीपासून हातभर दूर. काडी मोडून बघायची, कट्‌ असा आवाज आला तर कोरडं, वाकली तर दमट. दमट वाटलं तर पंख्याखाली पसरते. कडक उन्हात दिवसभर टाकलं तर रंग उडतो आणि पानं चुरा होतात, म्हणून कोवळं ऊन किंवा सावली.

तुमच्याकडे तर हिरवं गवत चार महिने दारात आहे, काका, पावसाळ्यात तेच द्या, फक्त पाणी निथळून, आणि कापून ढीग करून ठेवू नका, लगेच घाला. सुकं ऑक्टोबरात करा.

माळरान
बरोबर. कापलेलं ओलं गवत ढिगात ठेवलं की आतून गरम होतं, हात घालून बघा, चटका बसतो. दिवसातून दोनदा उलटं करायचं.

अवंती_लीड्स
एक राहिलं, केस गळायच्या दिवसात गवत जास्तच लागतं. माझ्या एकीच्या लेंड्या केसाने गुंफलेल्या माळेसारख्या येतात तेव्हा. रोज विंचरते आणि गवत दुप्पट ठेवते. गवताने ते केस पुढे सरकतात, नाहीतर आत अडकून बसतात.

निलेश_नागपूर
अपडेट. राणीच्या मूत्राशयात गाळ निघाला, खडा नाही, वेळेत आलात म्हणाले. लसूणघास बंद. औषध आणि सलाइन चालू आहे. इथे एका दूधवाल्याकडे वाळवलेला ओट मिळाला, पहिल्या दिवशी तोंड लावलं नाही, आज रात्री मी झोपायला गेलो तर अंधारातून कुरुम कुरुम आवाज येत होता, तसाच उभा राहून दहा मिनिटं ऐकत होतो.

चिऊताई
लाडूचा तिसरा आठवडा. वजन एक किलो आठशे चाळीसवरून एक किलो आठशे दहा झालं आणि तिथेच थांबलंय. पेलेट्स चार चमच्यांवर आल्यात. पोळीची वेळ झाली की अजून ओट्याजवळ येतो, मुलगा त्याला पुदिन्याची काडी देतो. काल पहिल्यांदा त्याने नळीतलं सगळं गवत संपवलं. व्हेटकडे दाढा दाखवल्या, एका बाजूला थोडी धार आली आहे पण सध्या गवतानेच झिजेल का बघू म्हणाले, महिन्याने परत बोलावलंय.

माळरान
मनवाताई, यंदा ओढ्याकडचा मारवेल मी राखून ठेवतोय, उघडीप मिळाली की कापतो. दोन पोती तुमच्या नावाची. तुम्ही आणि चिऊताई वाटून घ्या, भाडं तेवढं बघा, गवताचे पैसे नकोत.

मनवा
दादा, पैसे घ्यायचेच, नाहीतर मी नेणार नाही. आणि कापायच्या आधी एक फोटो टाका उभ्या गवताचा, कुसळी कशी दिसते त्याचाही शेजारी ठेवून, म्हणजे इथे सगळ्यांना ओळखता येईल. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.